आगोटीचा करारनामा

प्रस्तावना

दर्यावर पोट असलेल्या माणसाचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही. ते नारळी पौर्णिमेला सुरू होते आणि आगोटीला संपते. मधले दोन-अडीच महिने नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याला उसंत देत नाही, खाड्यांच्या तोंडाशी लाटा फुटत राहतात, आणि त्या काळात या माणसाचे सर्वस्व, म्हणजे त्याची बोट, पाण्याबाहेर, पुष्कळदा परक्याच्या जागेत आणि परक्याच्याच देखरेखीखाली पडून असते. जी बोट उभी करताना त्याने बँकेचे किंवा मच्छीमार सोसायटीचे कर्ज डोक्यावर घेतलेले असते, जिच्या इंजिनाचा आवाज बदललेला त्याला झोपेतही कळतो, ती बोट तो ज्या कागदाच्या भरवशावर दुसऱ्याच्या हवाली करतो, तो कागद मात्र बहुधा वीतभर लांबीची एक पावती असतो. आणि तीही तो घडी घालून खिशात ठेवतो, वाचत नाही. प्रस्तुत पुस्तक त्या पावतीविषयी, आणि तिच्या जागी जो करारनामा असावयास हवा त्याविषयी आहे.

विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याजोगा आहे, हे खरे. समुद्रावर लिहावयास बसलेल्या मराठी लेखकाला लाटांचे, शिडांचे, कोळीगीतांचे आकर्षण असते. भाडेचिठ्ठी, ताबा आणि नुकसानभरपाई यांकडे त्याची दृष्टी सहसा वळत नाही. परंतु ज्यांच्या घरात बोट आहे त्यांना विचारले असता असे आढळून येईल की, समुद्राने केलेले नुकसान ते सोसतात व त्याविषयी फारसे बोलत नाहीत. जमिनीवर ठेवलेल्या बोटीचे झालेले नुकसान मात्र त्यांच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही, कारण त्या नुकसानाला कोणीतरी जबाबदार होते आणि ते कोण, हे कागदावरून ठरवता आले नाही. किनारपट्टीच्या न्यायालयांत वकिलीचे आयुष्य घालवलेल्या माझ्या स्नेह्यांनी हे पुस्तक लिहावयास घेतले ते याच अनुभवावरून.

पूर्वी असला कागद नव्हता, आणि त्याची गरजही कोणाला भासत नव्हती. वैशाखातल्या शेवटच्या उधाणाला वाडीतले सगळे हात किनाऱ्यावर जमत, ओंडके अंथरले जात, आणि तांडेलाच्या हाकेसरशी होडी वाळूवरून वर सरकत सरकत, आजोबांच्या वेळेपासून जिथे लागत आली तिथेच येऊन लागे. मग बांबूंचा सांगाडा उभारून माडाच्या झापांनी ती शाकारली जाई. आणि पुढे श्रावणापर्यंत तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम अवघ्या वाडीचे असल्यामुळे ते कोणा एकाला नेमून द्यावे लागत नसे. जागेचे भाडे नाही, मुदत नाही, शर्त नाही; होती ती वहिवाट. राज्यकर्त्यांपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राही, आणि तेथे मात्र वहिवाटीवर भागत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे त्यात पावसाळ्यात आरमाराची छावणी कोठे व कशी करावी याचा स्वतंत्र विचार आहे: सगळी जहाजे एकाच ठिकाणी न ठेवता विभागून ठेवावीत, दुर्गाच्या आश्रयाला ठेवावीत आणि रात्री पाण्यावरून व जमिनीवरून गस्त असावी, असा त्याचा आशय आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीकाठी गिर्ये येथे मराठा आरमाराची जी गोदी आजही पाहावयास मिळते, ती पाहिली म्हणजे नौका पाण्याबाहेर सुरक्षित ठेवणे हे शास्त्र आपल्याकडे किती जाणतेपणाने जोपासले होते याची साक्ष पटते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजनीतिज्ञाला जे सुचले ते आजच्या बोटमालकाने आपल्या करारात मागितले, तर त्याला कोणी अतिशंकेखोर म्हणू नये.

ही वहिवाट मोडली ती बोटीच बदलल्यामुळे. लाकडी होडी दहावीस माणसांनी ओढता येत असे. फायबरची, डेक बांधलेली, मोठ्या इंजिनाची आणि बर्फाच्या खणांची बोट ओढण्यास हायड्रा क्रेन लागते, आणि क्रेन जाईल असा रस्ता, क्रेन उभी राहील अशी टणक जमीन प्रत्येक वाडीला असत नाही. शिवाय बोटी केवळ मासेमारीच्या राहिल्या नाहीत. मालवण, तारकर्ली, मुरूड, नागाव येथील पर्यटकांच्या बोटी मेच्या अखेरच्या आठवड्यात बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा तेवढाच काळ थांबतात. आणि मुंबईच्या बाऱ्यात नांगरलेल्या शौकिनांच्या शिडाच्या नौका, ज्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा मानला जातो, त्याही कुठेतरी वर काढाव्या लागतात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा, आणि त्याखाली 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना जी 61 दिवसांची बंदी असते तिचा परिणाम असा की, पूर्वी जो तो आपापल्या अंदाजाने, कोणी आठ दिवस आधी तर कोणी नंतर, होडी वर काढीत असे, तेथे आता सगळ्यांना एकाच आठवड्यात जागा हवी असते. (पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ही बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, तिकडचे बोटमालक वर्षातल्या वेगळ्या वेळी याच विवंचनेत असतात.) मागणी एकदम आणि जागा थोडी, अशी स्थिती झाली की भाडे येते, आणि भाड्याच्या मागोमाग कागद येतो. तो कागद जागेच्या मालकाने लिहिलेला असतो, हे निराळे सांगावयास नको.

आता मूळ मुद्द्याकडे. या पुस्तकात पुष्कळ गोष्टी आहेत. परंतु त्यांतील एकच वाचकाच्या ध्यानात राहिली तरी लेखकाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन, आणि ती ही की, बोट ठेवण्याचा व्यवहार दोन सर्वस्वी भिन्न प्रकारचा असू शकतो. एकात तुम्ही जागा भाड्याने घेता. दुसऱ्यात तुम्ही बोट सांभाळावयास देता. पहिल्यात जागेच्या मालकाने तुम्हाला अमुक फूट बाय तमुक फूट जमीन वापरू दिली, की त्याचे कर्तव्य संपले. बोटीला पुढे काय होते ते तुमचे तुम्ही पाहावे. दुसऱ्यात त्याने तुमची वस्तू स्वतःच्या ताब्यात घेतली, आणि ताब्याबरोबर तिची काळजी वाहण्याचे दायित्वही घेतले. पहिला परवान्याचा व्यवहार. दुसरा निक्षेपाचा, ज्याचे विवेचन 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या नवव्या प्रकरणात आहे. भांडणे जन्मतात ती अशी की, बोटीचा मालक पैसे देतो ते दुसऱ्या व्यवहाराचे, आणि सही करतो ती पहिल्यावर. पावतीच्या पाठीवर जांभळ्या शिक्क्याने उमटवलेले असते, ‘बोट व आतील सामान मालकाच्या जबाबदारीवर’. एसटी स्थानकाबाहेरच्या सायकल स्टँडवर जी पाटी असते तिचेच हे बंदरावरचे रूप.

अशा शिक्क्याने सगळी जबाबदारी धुऊन निघते, असा समज दोन्ही पक्षांत सारखाच दृढ आहे, आणि तो सर्वस्वी बरोबर नाही. अधिनियमाचे कलम 151 सांगते की, सामान्य समंजस मनुष्य आपल्या स्वतःच्या, तेवढ्याच आकाराच्या, गुणाच्या आणि किमतीच्या वस्तूची तशाच परिस्थितीत जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. आणि वस्तू हरवली किंवा बिघडली तर आपण तेवढी काळजी घेतली होती हे दाखवून देण्याचा भार न्यायालये त्याच्यावरच टाकतात, कारण वस्तू कोणत्या स्थितीत होती हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार? 2019 साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलचे प्रकरण आले होते. पाहुण्याने मोटार हॉटेलच्या नोकराच्या हाती दिली, किल्ली दिली, चिठ्ठी घेतली, आणि मोटार चोरीस गेली. चिठ्ठीवर मालकाच्या जबाबदारीचे वाक्य छापलेले होते. न्यायालयाने असे ठरवले की, एकदा ताबा घेतल्यावर स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाचे परिणाम अशा छापील वाक्याआड लपवता येत नाहीत. मोटारीला लागू पडलेले हे तत्त्व बोटीला का लागू पडू नये, याचे कारण मला तरी दिसत नाही. मात्र वाचकाने ‘एकदा ताबा घेतल्यावर’ या शब्दांवरून घाईने पुढे जाऊ नये. ताबा घेतला होता की केवळ जागा दिली होती, हे ठरवताना न्यायाधीश कागदाच्या मथळ्यापेक्षा बारीकसारीक गोष्टी पाहतात: किल्ली कोणाकडे होती, न विचारता बोट हलवण्याची मुभा कोणाला होती, आवाराला फाटक आणि रखवालदार होता काय, मालकाला आपल्याच बोटीपाशी जाण्यास परवानगी लागत होती काय. एकाच आवारात, एकाच भाड्याने ठेवलेल्या दोन बोटींपैकी एक सांभाळावयास दिलेली आणि दुसरी नुसती उभी केलेली ठरू शकते.

हा विचार इंग्रजांनी आणला असे कोणी समजू नये. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे जे प्रकरण आहे त्यात ठेव राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोरांनी लुटली तर ठेव घेणाऱ्याला ती भरून द्यावी लागत नाही असे म्हटले आहे. परंतु मालकाने मागितली असता ती दिली नाही आणि त्यानंतर ती गेली, तर मूल्य भरून वर तेवढाच दंडही द्यावा लागतो, आणि ठेवीचा परस्पर उपभोग घेतला तरीही शिक्षा आहे. करार अधिनियमाची कलमे 154 आणि 161 वाचताना, परवानगीवाचून केलेला वापर आणि वेळेवर परत न केल्याने वाढलेली जबाबदारी या दोन्ही बाबतींत, आपण ओळखीच्या घरात शिरलो आहोत असे वाटते. फरक एवढाच की, चोरी झाली म्हणजे आजचा सांभाळणारा आपोआप सुटत नाही. रखवालदार जागा होता की नाही, हा प्रश्न त्याला विचारला जातो.

सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे जोवर करारात लिहिलेले नाही तोवर वरचे सगळे शास्त्र अधांतरी राहते, आणि या ठिकाणी पुस्तकाच्या लेखकाने जो तपशील दिला आहे तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. बोटीच्या तळाशी, मागच्या बाजूस, अंगठ्याएवढे एक भोक असते आणि त्याला बूच असते. बोट पाण्यात असताना ते घट्ट बसलेले असले पाहिजे, आणि बोट जमिनीवर आली की ते काढलेले असले पाहिजे. आषाढातल्या एका रात्रीचा पाऊस उघड्या फायबर बोटीत किती पाणी साठवतो हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगावयास नको. बूच राहून गेले, तर ते पाणी तळात साचते, इंजिनाच्या खालच्या अंगाला लागते, वायरी कुजवते, आणि त्याच्या भाराने बोट ज्या चार-सहा टेकूंवर उभी असते ते टेकू जमिनीत रुतू लागतात. एका बाजूचा टेकू बोटभर खचला तरी सगळे ओझे दुसऱ्या बाजूच्या पातळ पत्र्यावर जाते, आणि श्रावणात ताडपत्री काढल्यावर तेथे केसासारखी चीर दिसते. आता हे बूच काढावयाचे कोणी? मालक म्हणतो, मी बोट दिली तेव्हा तुमच्या माणसाने काढावयास हवे होते. आवारवाला म्हणतो, बोटीतल्या वस्तूंना हात लावू नये असे तुमच्याच कागदात आहे. दोघेही खरे बोलत असतात. काढलेले बूच कुठे ठेवावयाचे हासुद्धा प्रश्न आहे, कारण ऑगस्टच्या पहाटे बोट पाण्यात लोटल्यावर ते सापडत नाही. लेखकाने ते सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधून ठेवावे असे सुचवले आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात असली सूचना आलेली पाहून मला आनंद झाला.

शाकारणीचेही तसेच. झाप गेले आणि ताडपत्री आली. पण झापांतून वारा जात असे, ताडपत्री शिडासारखी फुगते. ती पावसाच्या पहिल्या आठवड्यात बांधलेली असते तशी दुसऱ्या महिन्यात राहत नाही. तेव्हा ‘बोट झाकून दिली जाईल’ एवढे वाक्य पुरेसे नाही. ताडपत्री कोणाची, किती दिवसांनी दोऱ्या तपासावयाच्या, फाटली तर मालकाला कळवावयाचे की परस्पर बदलून बिल लावावयाचे, हे लिहिलेले हवे. त्याचबरोबर बोट ताब्यात देताना तिची स्थिती दाखवणारी जिन्नसवार यादी हवी: नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, बॅटऱ्या काढल्या की आत आहेत, मासे शोधण्याचे यंत्र, वायरलेस, नांगर, साखळी, जाळी, आणि आधीपासून असलेल्या खोका-चिरांची छायाचित्रे, तारखेसह, दोघांच्या सह्यांनिशी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना ही यादी न करणे याला आळस यापेक्षा सौम्य नाव मला सुचत नाही. अर्थात मालकाचीही बाजू आहे. आपल्या वस्तूत जो दोष आपल्याला ठाऊक आहे तो सांगणे कलम 150 प्रमाणे त्याचे कर्तव्य आहे. टाकीत डिझेल तसेच ठेवून, उघड्या पडलेल्या वायरींविषयी गप्प बसून ज्याने बोट लावली, आणि शेजारच्या वेल्डिंगच्या ठिणगीने चार बोटी पेटल्या, त्याला नुसते नशिबाला बोल लावून सुटता येणार नाही.

पाण्यातून जमिनीवर येण्याची ती घटकाभराची वेळ तर करारात बहुधा नसतेच. जागेचा करार बोट टेकूंवर बसल्यापासून सुरू होतो; क्रेनवाला तिसराच असतो, तासावर पैसे घेतो, आणि पट्टे कुठे घालावयाचे हे खलाशी ओरडून सांगतो. बोट हवेत असताना पट्टा सरकला तर जबाबदार कोण? या प्रश्नाचे उत्तर कागदात असेल तरच ते उत्तर. एरवी तिघे मिळून एकमेकांकडे बोट दाखवतात.

यानंतर मुदत. सर्व छापील करारांत ती इंग्रजी तारखांनी लिहिलेली असते, 1 जून ते 31 जुलै, आणि समुद्र मात्र तिथींनी चालतो. बोट वर येते ती उधाणाच्या भरतीला, आणि खाली जाते तीही उधाणालाच. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी धक्क्याच्या किंवा उताराच्या टोकापर्यंत पोचतच नाही, मग मालक कितीही तातडी करो. किनाऱ्यावरची माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतात. करार लिहिणारा कारकून ती करीत नाही. परिणाम असा की, 31 जुलैला मुदत संपते, त्या दिवशी भांग असतो, बोट आणखी पाच-सहा दिवस निघू शकत नाही, आणि वाढीव दिवसांचे भाडे, तेही दंडाच्या दराने, मालकाच्या माथी बसते. कलम 74 खाली अवाजवी दंड न्यायालय जसाच्या तसा मान्य करीत नाही हे खरे, परंतु पाच दिवसांच्या दंडासाठी न्यायालयात जाणारा मच्छीमार मी पाहिलेला नाही. त्यापेक्षा ‘मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या उधाणापर्यंत जादा भाडे नाही’ हे एक वाक्य आधीच घालून घेणे सोपे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक कठीण आहे. बोटी रांगेने लावल्या जातात. जी पहिली आत गेली ती सर्वांत मागे अडकते, आणि पुढच्या पाचजणांनी आपल्या बोटी हलवल्याशिवाय तिला वाट मिळत नाही. बंदी उठल्यानंतरचे पहिले काही दिवस हे मच्छीमाराच्या वर्षातले सर्वांत कमाईचे दिवस. ते हुकले, तर झालेले नुकसान कोणाकडे मागावयाचे? कलम 73 चे तत्त्व असे की, करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे, किंवा करार करताना उभयतांना जे नुकसान संभवनीय म्हणून ठाऊक होते तेवढेच मागता येते, दूरचे मागता येत नाही. म्हणून ‘बोट हंगामाच्या पहिल्या दिवशी समुद्रात जावयाची आहे’ ही गोष्ट, जी बंदरातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे, तीही करारात शब्दांनी लिहिलेली असावी, असा लेखकाचा आग्रह आहे. प्रथम मला तो वकिली काटेकोरपणा वाटला होता; पुढे विचार केल्यावर असे दिसले की, या एका ओळीवर हजारोंची भरपाई अवलंबून राहू शकते.

भाडे थकले तर बोट अडवून ठेवण्याचा हक्क हा आणखी एक विषय, ज्याविषयी किनाऱ्यावर केवळ दंतकथा प्रचलित आहेत. कलम 170 प्रमाणे ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, म्हणजे दुरुस्ती केली, रंग लावला, त्याला आपल्या मेहनतान्यापुरती ती वस्तू रोखता येते. नुसत्या सांभाळण्याच्या भाड्यासाठी हे कलम तो हक्क देत नाही. कलम 171 मध्ये धक्केवाल्यांना मागच्या सगळ्या येण्यासाठीही माल रोखता येतो, आणि प्रत्येक आवारवाला हल्ली स्वतःस धक्केवाला म्हणवून घेऊ पाहतो. या कलमांनी न मिळणारा हक्क करारातल्या शर्तीने निर्माण करता येतो, आणि छापील कागदांत तो केलेला असतोच. पुष्कळदा त्यापुढे जाऊन ‘अमुक दिवसांत नेली नाही तर विकण्याचा अधिकार’ही लिहिलेला असतो. केवळ भाडे थकले म्हणून वस्तू विकण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याला कायदा आपणहून देत नाही. तो सही करून आपणच देतो. ज्या बोटीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे तिच्या मालकाला तर असा अधिकार देण्याची मुखत्यारीच नसते.

आणि सर्वांच्या मुळाशी एक प्रश्न, जो विचारणे उद्धटपणाचे वाटते म्हणून कोणी विचारीत नाही: ही जागा तुमची आहे काय? भरतीच्या रेषेखालचा किनारा महाराष्ट्रात शासनाच्या मालकीचा आहे, लहान बंदरांवर 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचा अधिकार चालतो, आणि किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध वेगळेच. तरीही सरकारी वाळूवर खांब रोवून, दोरी बांधून भाडे वसूल करणारे प्रत्येक मोठ्या गावात आहेत. त्यांच्याशी केलेला करार त्यांना बांधतो, पण बंदर निरीक्षकाला बांधत नाही. भर आषाढात बोटी हलवण्याची नोटीस आली तर त्या हलवण्याचा खर्च कोणाचा, हे आधी लिहून घ्यावे.

विमा, न्यायक्षेत्र, कर यांविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. एवढेच सुचवतो की, विमापत्रात बोट ज्या ठिकाणी ठेवली जाईल ते ठिकाण लिहिलेले असेल तर जागा बदलताना विमा कंपनीला लेखी कळवावे. आणि हर्णैच्या बोटीच्या करारात ‘वाद केवळ मुंबईच्या न्यायालयात’ असे वाक्य आढळले तर ते खोडावयास सांगावे. ग्राहक आयोगाची वाट दोन वर्षांच्या आत धरावी लागते, आणि व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ती बंद असली, तरी स्वतः राबून पोट भरणाऱ्याला कायद्याने सूट दिलेली आहे. पाच ट्रॉलरांच्या मालकाला ती मिळणे कठीण, आपल्या एकुलत्या एका बोटीवर स्वतः तांडेल असणाऱ्याला शक्य.

‘दैवी आपत्ती’च्या कलमाविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण वादळांनी आपले वेळापत्रक बदललेले दिसते. ‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर चढले, म्हणजे बोटी नुकत्याच वर आल्या होत्या तेव्हा; ‘तौक्ते’ पुढच्याच वर्षी मेच्या मध्याला किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, म्हणजे अनेक बोटी पाण्यातच होत्या तेव्हा. करार 1 जूनपासून असेल आणि हवामान खात्याचा इशारा 13 मे रोजी आला, तर बोट आधी आत घेण्यास आवारवाला बांधलेला आहे काय? आणि वादळ ही दैवी आपत्ती मानली तरी आषाढातला नेहमीचा सोसाट्याचा वारा तशी नव्हे. जो दरवर्षी येतो, ज्याच्यासाठीच हा करार केलेला असतो, त्या पावसाळ्याला कोणी आकस्मिक म्हणू लागला तर ते मान्य करता कामा नये. छापील मसुद्यांत ‘अतिवृष्टी, वारा, भरती’ हे शब्द वादळाच्या आणि भूकंपाच्या पंगतीला गुपचूप बसवलेले असतात. तेवढे तीन शब्द काढून टाकले तरी कराराला अर्थ येतो.

लेखकाशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे, तो नोंदवणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य समजतो. वाडीच्या सामाईक जागेवर, भाऊबंदांत, पैसे न घेता ठेवलेल्या बोटींचेही लेखी करार असावेत असे त्यांचे मत आहे. फुकट सांभाळणाऱ्यालाही काळजी घ्यावी लागते हे कायद्याने खरे असले, तरी ज्या चुलत्याने आपल्या अंगणात बोट लावू दिली त्याच्यापुढे स्टँप पेपर ठेवला, तर पुढल्या आगोटीला अंगण मिळणार नाही, आणि बोट ओढावयास हातही मिळणार नाहीत. तेथे यादी करावी, छायाचित्रे काढावीत, बूच काढावे, आणि कागद घरी ठेवावा. पैसे जेथे मोजले जातात तेथे मात्र लेखकाचा शब्द न् शब्द मला मान्य आहे.

पुस्तकाच्या अखेरीस नमुन्याचा मसुदा जोडला आहे. तो कोणी जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. आपल्या बंदराची उधाणे, आपल्या बोटीची लांबी, तळाचा आकार, टेकूंची संख्या आणि रखवालदाराच्या वेळा त्यात भराव्यात, न पटणारी कलमे समोरासमोर बसून खोडावीत, खोडलेल्या जागी दोघांनी सह्या कराव्यात आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. हे काम वैशाखी पौर्णिमेच्या आत उरकावे, अशी बोटमालकांना माझी विनंती आहे. त्यानंतर आवारे भरलेली असतात, आणि समोर येईल त्या कागदावर सही करावी लागते.